पद कागदावर, काम हातात

मॅकिनन मॅकेन्झी ही मुंबईतली जहाजवाहतुकीच्या व्यवसायातली जुनी कंपनी. १९७० च्या दशकात तिथे स्टेनोग्राफरांचे दोन वर्ग होते. एका वर्गात पुरुष. दुसऱ्या वर्गाचे नाव ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या स्त्रिया. शॉर्टहँडमध्ये मजकूर उतरवून घ्यायचा, टाइप करायचा, पत्रव्यवहार सांभाळायचा, हे काम दोन्हीकडे सारखेच. पगार मात्र स्त्रियांना कमी. ऑड्री डिकॉस्टा यांनी १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली दाद मागितली. कंपनीचे म्हणणे असे की, हा वर्गच वेगळा आहे आणि त्यात एकही पुरुष नाही, तेव्हा तुलना करणार कोणाशी? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८७ मध्ये निकाल लागला. काम समान आहे की नाही हे ठरवताना कागदोपत्री कधीतरी करावी लागतील अशी कामे मोजायची नाहीत, प्रत्यक्षात केली जाणारी कामे पाहायची, आणि बारीकसारीक फरकांचा बाऊ करायचा नाही, असे न्यायालयाने सांगितले. वाढीव पगार परवडत नाही, ही सबबही मान्य झाली नाही.

न्यायालयाने जे पाहायला सांगितले, त्यालाच मनुष्यबळ व्यवस्थापनात कार्य-विश्लेषण म्हणतात. वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत त्याची व्याख्या चार ओळींत उरकते आणि परीक्षेनंतर विसरलीही जाते. पण भरती, प्रशिक्षण, पगार, बढती, कामाच्या जागेची सुरक्षितता, या सगळ्यांचा पाया तिथेच घातला जातो. काम नेमके काय आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो त्या कामासाठी माणूस कसा निवडणार? आणि त्याचे मोल कशाच्या आधारावर ठरवणार?

विश्लेषण करायचे ते पदावरच्या कामाचे, त्या पदावर बसलेल्या माणसाचे नव्हे. हा फरक पहिल्याच दिवशी सगळ्यांना समजावून द्यावा लागतो. तो समजला नाही, तर प्रश्न विचारायला आलेला माणूस आपली चौकशी करायला आला आहे असेच समोरच्याला वाटते. या कामात काय काय करावे लागते, ते कशासाठी, कोणत्या साधनांनी, किती वेळा, कोणाच्या सांगण्यावरून, उन्हात की एसीत, उभ्याने की बसून, निर्णय स्वतःचा की वरिष्ठांचा, आणि चूक झाली तर तिची झळ कोणाला, अशी माहिती गोळा करायची असते. तिच्यातून दोन कागद तयार होतात. पहिला कार्यवर्णनाचा, एचआरवाल्यांच्या बोलीत ‘जेडी’. दुसऱ्यात ते काम करायला माणसाच्या अंगी काय असावे लागते ते लिहायचे: शिक्षण, कौशल्य, अनुभव, शारीरिक क्षमता. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा चालतो. दुसऱ्या कंपनीची जेडी उतरवून घेतात, त्यावर पदवी आणि ‘पाच वर्षांचा अनुभव’ चिकटवतात आणि जाहिरात देऊन मोकळे होतात. काम पाहायला कोणी गेलेलेच नसते.

कामाकडे घड्याळ हातात घेऊन पाहायची पद्धत अमेरिकेत सुरू झाली. फ्रेडरिक टेलर यांनी १८८० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात एकेका कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागतो ते मोजायला सुरुवात केली. फ्रँक गिलब्रेथ स्वतः गवंडीकाम शिकलेले होते. एक वीट बसवताना गवंडी १८ हालचाली करतो, असे त्यांनी नोंदवले आणि त्या ५ वर आणल्या. विटा आणि माल गवंड्याच्या हाताच्या उंचीवर येईल अशी परांची त्यांनी तयार केली, त्यामुळे दर विटेला कंबरेत वाकणे वाचले. गिलब्रेथांचे हे काम मला टेलरपेक्षा जवळचे वाटते, कारण त्यात गवंड्याच्या पाठीचा विचार आहे.

कामगारांना मात्र या घड्याळाचा धसका बसला, आणि त्याला कारणही होते. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउन इथल्या लष्करी शस्त्रागारात ऑगस्ट १९११ मध्ये एका ओतकामगाराच्या कामाची वेळ स्टॉपवॉच लावून मोजायला घेतली, तेव्हा ओतशाळेतले कामगार काम टाकून बाहेर पडले. अमेरिकेच्या संसदेत चौकशी झाली आणि पुढे लष्कराच्या कारखान्यांत अशा मोजणीवर सरकारी पैसा खर्च करायलाच बंदी आली. मुंबईकरांना याहून जवळचा दाखला आहे. १९२८ मध्ये गिरणीमालकांनी कार्यक्षमतेच्या नावाखाली विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत, कताईखात्यात यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, अशा योजना पुढे रेटल्या. एप्रिलपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले. गिरणी कामगार युनियनचा जन्म या संपातला. संप मिटल्यावर न्या. फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि कोणत्या यंत्रावर किती माणसे, त्यांना दर काय, याचे सगळ्या गिरण्यांसाठी एकच कोष्टक असावे का, हा प्रश्न तिच्यापुढे आला. एकाच कामाला एका गिरणीत एक दर आणि पलीकडच्या गिरणीत दुसरा, ही कामगारांची जुनी तक्रार होती. कामाची नीट मोजदाद आणि नोंद व्हावी यात कामगाराचाही फायदा असतो. पण ती मोजदाद माणसे कमी करण्यासाठीच होणार असा संशय एकदा आला, की खरी माहिती मिळत नाही. विचारणाऱ्याने ही माहिती कशासाठी हवी आहे ते आधी सांगितले पाहिजे, आणि सांगितलेला शब्द पाळला पाहिजे. या शास्त्रातल्या सगळ्या तंत्रांपेक्षा मी या गोष्टीला जास्त महत्त्व देतो.

माहिती मिळवायच्या वाटा अनेक आहेत. शेजारी उभे राहून पाहणे, मुलाखत घेणे, प्रश्नावली भरून घेणे, काम करणाऱ्याला पंधरा दिवस रोजनिशी लिहायला सांगणे. हातकाम नुसते पाहूनही बरेचसे कळते. हिशेब तपासणारा माणूस तासभर पाहिला, तर तो खुर्चीत बसलेला दिसतो, एवढेच. तिथे विचारावेच लागते. प्रश्नावलींत १९७२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली १९४ मुद्द्यांची एक प्रश्नावली आजही नावाजली जाते. तिच्यात कुठल्याही कामाला तेच मुद्दे लावतात, त्यामुळे अगदी वेगवेगळ्या कामांचीही तुलना करता येते. प्रत्येक वाटेत खाचखळगे आहेत. काम करणारा आपले काम थोडे फुगवून सांगतो, साहेब ते थोडे कमी करून सांगतो. म्हणून दोघांनाही विचारायचे आणि स्वतःही जाऊन पाहायचे.

यातली एक पद्धत मला सर्वांत मोलाची वाटते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाला वैमानिक हवे होते आणि प्रशिक्षणातून उमेदवार मोठ्या संख्येने गळत होते. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने १९४१ मध्ये नापास ठरलेल्या १,००० उमेदवारांच्या नोंदी चाळल्या. ‘उड्डाणाची उपजत क्षमता नाही’, ‘निर्णयशक्ती कमी’, ‘पुरेशी प्रगती नाही’, असे ठोकळेबाज शेरे त्यांत ठिकठिकाणी होते. अशा शेऱ्यांवरून ना प्रशिक्षण सुधारता येते, ना निवड. मग फ्लॅनगन यांनी शेऱ्यांऐवजी प्रसंग मागायला सुरुवात केली. काय परिस्थिती होती, वैमानिकाने नेमके काय केले, त्याचा परिणाम काय झाला? युद्धावरून परतलेल्या वैमानिकांना त्यांनी विचारले की, हवेत असताना दिशेचे भान पूर्ण हरपल्याचा एखादा प्रसंग आठवा आणि तेव्हा काय दिसले, काय घडले ते सांगा. त्या उत्तरांतून कॉकपिटमधली उपकरणे कशी मांडावीत याबद्दलच्या शिफारशी निघाल्या. १९५४ मध्ये फ्लॅनगन यांनी ही पद्धत सविस्तर लिहून काढली. आपल्या कचेऱ्यांतल्या गोपनीय अहवालांत ‘काम समाधानकारक’ हा शेरा वर्षानुवर्षे उमटतो. त्याऐवजी वर्षातले दोन चांगले आणि दोन चुकलेले प्रसंग लिहायची पद्धत पडली, तर अहवाल वाचणाऱ्याला काहीतरी कळेल आणि ज्याच्याबद्दल लिहिले त्यालाही सुधारायला जागा मिळेल.

आता आपल्या परिसरातले एक पद घेऊ आणि ही सगळी साधने त्याला लावून पाहू. अंगणवाडी सेविका. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरात ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. कागदावर योजनेच्या सहा सेवा आहेत: पूरक पोषण आहार, शालापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि पोषण व आरोग्याचे शिक्षण. सेविका कर्मचारी नाही, तिला ‘मानधन’ मिळते. तिचे काम अर्धवेळ समजले जात आले.

प्रत्यक्षात काय चालते ते पाहू. सकाळी मदतनिसासोबत केंद्र उघडणे, झाडलोट, मुले आली नाहीत तर घरी जाऊन त्यांना आणणे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गाणी, गोष्टी, रंग, आकार, अक्षरांची ओळख. गरम ताज्या आहाराची व्यवस्था. धान्याचा साठा तपासून नोंद करणे. लहान बाळांच्या आणि गरोदर मातांच्या घरपोच आहाराची पाकिटे मोजून देणे. महिन्याला प्रत्येक मुलाचे वजन आणि उंची घेणे, वाढीचा तक्ता भरणे, गरज वाटली तर दंडघेर मोजणे. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला, तर ते मूल तीव्र कुपोषित. त्याच्यासाठी ग्राम बालविकास केंद्र किंवा पोषण पुनर्वसन केंद्र. दुपारनंतर गृहभेटी. लसीकरणाच्या दिवशी एएनएम आणि आशाताईंबरोबर दिवसभर उभे राहणे. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेचे गरोदर आणि स्तनदा मातांचे जेवणही अंगणवाडीतच. शिवाय गावाचे सर्वेक्षण, बीटची, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटाची, मासिक बैठक, रजिस्टरे, मोबाइलवरची माहिती. आणि अनेक ठिकाणी निवडणुकीच्या मतदार यादीचे कामही तिच्याच गळ्यात.

सिडनी फाइन या अमेरिकी अभ्यासकाने कुठलेही काम तीन अंगांनी पाहायची रीत घालून दिली: या कामात माहितीशी काय करावे लागते, माणसांशी काय करावे लागते आणि वस्तूंशी काय करावे लागते. सेविकेचे काम या तीन खणांत मांडले, तर ते किती अवघड आहे ते लगेच लक्षात येते. वस्तूंच्या खणात वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, धान्य, मोबाइल. माहितीच्या खणात नुसती नोंद नाही, तुलनाही आहे. मागच्या महिन्यात ज्या मुलाचे वजन वाढत होते ते या महिन्यात थबकले, तर त्याचा अर्थ लावून पुढे काय करायचे ते तिलाच ठरवावे लागते. माणसांच्या खणात सर्वांत कठीण भाग येतो. मुलाला दवाखान्यात दाखल करायचे तर आईचा रोज बुडतो, घरी दुसरी लेकरे असतात, सासूला ते पटत नसते. अशा घरात जाऊन मन वळवायचे आणि उद्या त्याच घरात पुन्हा जाता येईल असा संबंध राखायचा. कुठल्याही कंपनीत याला वरच्या दर्जाचे कौशल्य म्हटले असते. सेविका त्याच गावची रहिवासी असावी ही अट म्हणूनच मला अगदी योग्य वाटते. कामातल्या खऱ्या गरजेतून ती आली आहे.

हे काम अर्धवेळ आहे का? हा प्रश्न शेवटी न्यायालयातच सुटला. गुजरातमधल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटी नाकारली गेली, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २५ एप्रिल २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी निकाल दिला. सेविका आणि मदतनीस यांच्यावर सोपवलेल्या कामांची यादी निकालपत्रात आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली त्यांच्यावर कोणती जबाबदारी येते तेही त्यात मांडले आहे. एवढे सगळे पाहिल्यावर हे काम अर्धवेळ आहे हे म्हणणे मान्य करता येणार नाही, मानधन हे वेतनच आहे आणि ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा त्यांना लागू आहे, असे न्यायालयाने ठरवले. गुजरातेत तेव्हा सेविकेला महिना ७,८०० रुपये आणि मदतनिसाला ३,९५० रुपये मिळत होते, ही नोंदही निकालात आहे. जे विश्लेषण खात्याने स्वतःहून करायला हवे होते, त्यासाठी सेविकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

विश्लेषण न करता कामात भर टाकली की काय होते तेही याच पदावर दिसले. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे अॅप आले. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोनची क्षमता अपुरी होती, अॅप इंग्रजीत होते. वर्षानुवर्षे मराठीत रजिस्टरे लिहिणाऱ्या बाईच्या हाती इंग्रजी पडदा देताना, ती दिवसातून किती वेळ कुठे असते, तिच्या गावात नेटवर्क आहे का, ती कोणत्या भाषेत लिहिते, एवढे तीन प्रश्न जरी विचारले असते तरी पुढचा बराच त्रास वाचला असता.

भरतीच्या बाबतीत या विषयाला कायद्याचे बळ मिळाले ते अमेरिकेतल्या एका खटल्यातून. नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्रेपर इथे ड्यूक पॉवर कंपनीचे औष्णिक वीजकेंद्र होते. तिथे कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात घेत. त्या विभागातला सर्वांत जास्त पगार इतर विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. १९६५ मध्ये वंशभेदाला बंदी करणारा कायदा अमलात आला, तेव्हा कंपनीने चांगल्या विभागांत जाण्यासाठी हायस्कूल उत्तीर्ण असण्याची अट आणि दोन लेखी चाचण्या लावल्या. अट सगळ्यांना एकच, म्हणजे भेदभाव नाही, असा तिचा दावा. पण त्याआधी त्या विभागांत घेतलेले, हायस्कूल न झालेले गोरे कामगार तेच काम व्यवस्थित करत होते. म्हणजे त्या कामाला त्या अटीची गरज नव्हती. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कंपनीविरुद्ध निकाल दिला: अट घालायची असेल, तर तिचा त्या कामाशी असलेला संबंध दाखवता आला पाहिजे. त्यानंतर तिथल्या कंपन्यांना कार्य-विश्लेषण हे ऐच्छिक राहिले नाही.

आपल्याकडच्या नोकरीच्या जाहिराती या कसोटीवर घासून पाहाव्यात. गोदामात माल मोजून घेणाऱ्याला ‘इंग्रजीवर प्रभुत्व’ कशाला? दुकानाच्या काउंटरवर पदवीधरच का? ‘आकर्षक व्यक्तिमत्त्व’ म्हणजे नेमके काय, आणि कामाच्या कोणत्या भागात ते उपयोगी पडते? अशा अटींमुळे काम नीट करू शकणारी कितीतरी माणसे दारातूनच परत जातात, त्यांत ग्रामीण आणि पहिल्या पिढीत शिकलेली मुले सर्वांत जास्त.

याच्या उलट दिशेने केलेला एक मोठा सरकारी प्रयत्नही आहे, त्याची दखल फारशी कोणी घेत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये आला. त्याखाली कोणती पदे कोणत्या दिव्यांग व्यक्ती सांभाळू शकतील, याची यादी केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केली. तिच्यात साडेतीन हजारांवर पदे आहेत. प्रत्येक पदापुढे बसणे, उभे राहणे, चालणे, वाकणे, उचलणे, बोटांनी हाताळणे, वाचणे-लिहिणे, पाहणे, ऐकणे, बोलणे यांपैकी काय लागते ते संक्षिप्त अक्षरांत दिले आहे. काम कुठे आणि कशा परिस्थितीत करायचे तेही नमूद आहे. दर तीन वर्षांच्या आत यादीचा फेरविचार करायचे बंधन कायद्यातच घातले आहे. ‘आंधळ्या माणसाला हे काम कसे जमेल?’ या प्रश्नावर एरवी नुसत्या अंदाजाने ‘नाही’ म्हटले जाते. इथे कामाचे घटक सुटे करून पाहायचे, आणि ज्या घटकाला दृष्टी लागते तो दुसऱ्या उपकरणाने किंवा दुसऱ्या माणसाकडून होतो का ते तपासायचे. खासगी कंपन्यांनी ही यादी निदान चाळून तरी पाहावी.

प्रशिक्षणाचा आणि पगारश्रेणीचा उपयोग थोडक्यात सांगतो. काम काय मागते आणि माणसाला काय येते, यांतले अंतर काढले की प्रशिक्षणात काय शिकवायचे ते ठरते. तसे न काढता घेतलेल्या दोन दिवसांच्या शिबिरातून प्रमाणपत्रे निघतात, कामात फरक पडत नाही. पगारासाठी प्रत्येक पदाला कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती या निकषांवर गुण देतात आणि गुणांवरून श्रेणी लावतात. इथे एक सावधगिरी हवी. शंभर किलोचे पोते उचलणे श्रमाच्या रकान्यात सहज बसते. दिवसभर चिडलेल्या ग्राहकांशी शांतपणे बोलणे किंवा रुग्णाचे दुखणे सोसत त्याची शुश्रूषा करणे त्या रकान्यात कोणी लिहीतच नाही. ही कामे जास्त करून बायका करतात, आणि त्यांचे पगार कमी राहतात त्याचे एक कारण हा न भरलेला रकाना आहे.

कामांच्या याद्या राष्ट्रीय पातळीवरही होतात. महामंदीच्या काळात अमेरिकेच्या सरकारी रोजगार सेवेने काम शोधणाऱ्याची आणि कामाची गाठ घालण्यासाठी कामांचा कोश करायला घेतला. १९३९ च्या पहिल्या आवृत्तीत सुमारे साडेसतरा हजार कामांची वर्णने होती. भारतात राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण आहे, त्याची २०१५ ची आवृत्ती सुमारे ३,६०० व्यवसायांची आहे आणि प्रत्येकाला आठ अंकी क्रमांक आहे. लहान संस्थेला स्वतःचे कार्यवर्णन लिहायला बसताना त्याचा चांगला आधार मिळतो. पण तिथून सुरुवात करावी, तिथे थांबू नये, कारण प्रत्येक जागेचे काम निराळे असते आणि तेही बदलत राहते. तलाठ्याचेच पाहा. सातबाऱ्यावरची पिकांची नोंद पिढ्यान्‌पिढ्या तलाठी करत आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि मोबाइलवर ती नोंद करायचे काम शेतकऱ्याकडे आले. तलाठ्याच्या कामातून एक घटक निघाला, तपासणीचा एक घटक आत आला. आणि शेतकऱ्याच्या कामात, त्याला कोणी न विचारता, एक नवा घटक शिरला. पदाचे कार्यवर्णन अशा प्रत्येक बदलानंतर पुन्हा लिहायला हवे.

हा सगळा खटाटोप मोठ्या कंपन्यांसाठी आहे असे समजू नका. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी गृहनिर्माण सोसायटीच्या समितीवर असेल, कोणाचा दवाखाना असेल, कोणाचे दुकान किंवा शाळा असेल. सोसायटीच्या वॉचमनचे काम ‘गेटवर बसणे’ एवढेच लिहिलेले असते. प्रत्यक्षात तो पंप चालू-बंद करतो, कुरिअर घेतो, लिफ्ट अडकली की धावतो, पार्किंगची भांडणे सोडवतो आणि रात्री गेटवर एकटा असतो. मग त्याला कामावर घेताना उंची आणि छाती पाहतात, आणि लिफ्टमध्ये कोणी अडकले तर काय करायचे ते मात्र शिकवत नाहीत.

पुढच्या वेळी माणूस नेमायचा असेल, पगार ठरवायचा असेल किंवा कोणाच्या कामाबद्दल तक्रार आली असेल, तर आधी एवढे करा. आज ते काम करणाऱ्या माणसाबरोबर एक पूर्ण दिवस घालवा, गर्दीचा दिवस निवडा. कशासाठी विचारता आहात ते त्याला स्पष्ट सांगा. चांगले निभावलेले दोन प्रसंग आणि फसलेले दोन प्रसंग त्याच्या तोंडून ऐका. जे दिसले, ऐकले ते साध्या मराठीत एका पानावर उतरवा आणि ते पान अंतिम करण्याआधी त्याला वाचायला द्या. त्याने जे खोडले ते का खोडले हे विचारा, आणि त्याने जे वाढवले त्याचा पगार ठरवताना विचार करा.